रोज दोन चमचे

चौदा मार्च, मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. अक्काचा फोन आला. भरतेशला चोवीस तासांत जेमतेम चारशे मिलिलिटर लघवी झाली होती.

"काल किती होती?" मी विचारलं.

"काल अकराशे. परवा सतराशे. अजित, पाय सुजलेत रे त्याचे. बोटानं दाबलं की खड्डा पडतोय."

"ताप?"

"नव्याण्णव पॉइंट दोन. वजन दोन किलोनं वाढलंय. वहीत सगळं लिहिलंय."

"मग काल का नाही केलास फोन?"

"काल तो म्हणाला, बाईसाहेब रुसल्या असतील, येतील ताळ्यावर."

बाईसाहेब म्हणजे अक्काची किडनी. सोळा महिन्यांपूर्वी ती भरतेशच्या पोटात बसवली होती आणि तेव्हापासून भाचा तिला याच नावानं बोलवायचा. 'बाईसाहेब आज खुशीत आहेत, मामा, अडीच लिटर,' असा त्याचा सकाळी सकाळी मेसेज यायचा. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, सांगलीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायचा. अक्का एकसष्ट वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मेहुणे जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात ही दोघंच.

अकरा वाजता आम्ही मिरजेच्या हॉस्पिटलात होतो. रक्त दिलं. दुपारी एकला रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी काम करते की नाही ते सांगणारा आकडा, फेब्रुवारीत एक पॉइंट दोन होता. आता चार पॉइंट सहा.

किडनीच्या डॉक्टर केळुसकर बाई कमी बोलायच्या. त्यांनी अक्काची वही मागितली आणि पानं उलटली. लघवी, वजन, ताप, ब्लडप्रेशर, आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांपुढं अक्काच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात 'दिल्या'. एकही दिवस रिकामा नव्हता.

"गोळ्या चुकल्या नाहीत?"

"मी समोर उभी राहून देते," अक्का म्हणाली. "गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावते. पहिलीच्या पोरासारखं."

"नवीन काही सुरू केलंय? काढा, चूर्ण, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिमची पावडर?"

"नाही."

"नीट आठवा."

"औषध काहीही नाही, डॉक्टर. तुम्ही दिलेला कागद फ्रिजला चिकटवलाय. पपनस नाही, डाळिंब नाही, बाहेरचं पाणी नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याला सुंठसुद्धा दिली नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही घरी जा. या मुलाच्या तोंडात जे जे जातं, ते सगळं एका पिशवीत भरून आणा. मीठ, मसाला, सरबत, सगळं. बायॉप्सी उद्या करू, पण मला आजच बघायचंय."

अक्कानं किल्ली दिली. "दुसऱ्या खणात त्याच्या बनियन आहेत, त्या पण आण. आणि कपाटावर जुनी वही आहे, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतची. बाईंना लागेल."

सांगलीला पोचायला अर्धा तास लागला. अक्काचं स्वयंपाकघर तिच्या वहीसारखंच होतं. डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा. मी मीठ घेतलं, हळद घेतली, मेतकूट घेतलं. फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, गडद जांभळ्या रंगाची बाटली होती. तिच्या गळ्यात रबरबँडनं छोटा प्लॅस्टिकचा चमचा बांधलेला. एल्डरबेरी सिरप. बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती. मागं, भाजीच्या खणात, एक रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

मी त्या दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या.

मग बनियन घेतल्या, कपाटावरची वही काढली आणि उघडून पाहिली. वीस जानेवारीच्या पानात एक कात्रण होतं. अक्कानं ते पट्टी धरून कापलं होतं, कडा सरळ. खालच्या बाजूला शेजारच्या जाहिरातीतल्या मिक्सरचं अर्धं भांडं आलं होतं. मी उभ्याउभ्याच ते वाचलं. वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. नंतर चौघडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवलं.

वही पिशवीत टाकली आणि घराला कुलूप लावलं.

साडेतीन वाजता डॉक्टरांनी टेबलावर एकेक वस्तू काढली. बाटलीपाशी त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

"ते औषध नाही," अक्का पटकन म्हणाली. "फळाचा रस आहे. परदेशातली बेरी असते. मी अख्खं लेबल वाचलंय. मध नाही, जिलेटिन नाही, नुसता साखरेचा पाक आहे. मध असता तर मी घरातच आणलं नसतं."

आम्ही जैन, आमच्याकडं मध अभक्ष्य. अक्का बिस्किटाचा पुडासुद्धा चष्मा लावून, दुकानात उभी राहून वाचायची. औषधाच्या दुकानातल्या मुलानं तिला आधी मधाचं सिरप दाखवलं होतं, ते तिनं परत केलं. मग जिलेटिनच्या गोळ्या दाखवल्या, त्याही परत केल्या. तिसऱ्या खेपेला ही बाटली मिळाली. हे सगळं तिनं डॉक्टरांना सांगितलं.

"किती दिवस देताय?"

"वीस जानेवारीपासून. रोज दोन चमचे. सूर्य मावळायच्या आत, जेवणाबरोबर. स्वाइन फ्लूचं रोज पेपरात येत होतं. तुम्हीच म्हणाला होतात ना, याची प्रतिकारशक्ती कमी आहे, जपा म्हणून?"

"म्हणाले होते."

"मग ती वाढावी म्हणून दिलं."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "आई, त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. आपण ती मुद्दाम दाबून ठेवलीय. त्या सगळ्या गोळ्या त्यासाठीच आहेत. ती जागी झाली तर पहिली किडनीवरच धावून जाते. तिला ती परकी वाटते."

"परकी?" अक्का म्हणाली. "माझी किडनी? त्याला?"

"शरीराला नातं कळत नाही."

"नऊ महिने तो माझ्या पोटात होता, तेव्हा मला नाही वाटला परका."

अक्कानं पदर तोंडाला लावला, मग लगेच काढला. "म्हणजे मी केलं हे."

"तसं मी म्हणत नाही. याच रसानं झालं असं मला ठाम सांगता येणार नाही, कुणालाच सांगता येणार नाही. काही न करताही रिजेक्शन येतं. पण अशा रुग्णाला हे द्यायचं नसतं. हे आजपासून बंद."

बायॉप्सी बुधवारी झाली. गुरुवारी सकाळी रिपोर्ट आला: शरीर किडनी नाकारत होतं. स्टिरॉइडची इंजेक्शनं त्याच दुपारी सुरू झाली. तीन दिवस. 'यानं बहुतेक वेळा आवरतं,' डॉक्टर म्हणाल्या.

शुक्रवारी अक्का खाली जेवायला गेली असताना भरतेशनं मला जवळ बोलावलं. त्याचा चेहरा सुजला होता, डोळे बारीक दिसत होते.

"मामा, आईचं काय चाललंय? रात्रभर खुर्चीत बसून भिंतीकडं बघते. नवकार म्हणते, मध्येच थांबते, परत पहिल्यापासून."

मी त्याला बाटलीचं सांगितलं.

"चव बरी होती त्याची," तो म्हणाला. "जांभळासारखी. मी चमचा चाटायचो." मग म्हणाला, "एक काम कराल? तिला सांगा, की मीच गोळ्या चुकवत होतो. संध्याकाळच्या. जिभेखाली धरून नंतर थुंकायचो म्हणावं."

"ती विश्वास ठेवेल?"

"तुम्ही सांगितलं तर ठेवेल. तुम्ही पेपरवाले. ती तुमच्या शब्दाबाहेर आहे का कधी?"

"तूच सांग."

"बघा हं, मामा. मी सांगितलं तर ती माझं तोंड उघडून बघेल."

तरी त्यानंच सांगितलं. अक्का वर आली, हात पुसत. त्यानं छताकडं बघत सगळं म्हणून दाखवलं. जानेवारीपासून गोळ्या नकोशा झाल्या होत्या, हात थरथरायचे, म्हणून थुंकायचो. अक्कानं ऐकून घेतलं. मग पिशवीतून जुनी वही काढली, त्याच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

"वही."

"काय लिहिलंय?"

"दिल्या."

"मग? मी खोटं लिहिते व्हय रे? तू गिळल्यावर पाणी पाजून, तोंड बघून मग लिहिलंय हे. आईला वाचवायला निघालाय. आधी स्वतःचं बघ." असं म्हणताना ती हसली. तो हसायला लागला तसं त्याला खोकला आला, आणि तिनं त्याची पाठ चोळली.

मग ती वहीची पानं चाळू लागली. एकदा पुढून, एकदा मागून. वही उलटी धरून झटकली.

"यात कात्रण होतं. अजित, तुला दिसलं का?"

"कसलं?"

"तुझ्याच पुरवणीतलं की. त्या बेरीचं. मी कापून ठेवलं होतं, दुकानात दाखवायला." ती खाली वाकून पलंगाखाली पाहू लागली. "मला बघायचंय, त्यात कुठं लिहिलं होतं का, अशांनी घेऊ नये म्हणून."

मी तिच्यापासून दोन फुटांवर उभा होतो. कात्रण माझ्या खिशात होतं. तीन दिवसांत मी शर्ट दोनदा बदलला होता आणि दोन्ही वेळा ते या खिशातून त्या खिशात ठेवलं होतं.

"असणारच," अक्का सरळ होत म्हणाली. "तुम्ही लोक तसं लिहिल्याशिवाय सोडत नाही. खाली कुठंतरी बारीक अक्षरात असणार. माझंच वाचायचं राहिलं. अडतीस वर्षं पोरांना घसा फोडून सांगितलं, शेवटची ओळ वाचल्याशिवाय पेपर देऊ नका. आणि मीच."

"आई, पुरे," भरतेश म्हणाला.

"होतं ना रे अजित?"

"बघतो, अक्का," मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारी मी ऑफिसला गेलो. बघण्यासारखं काही नव्हतं, मला सगळं पाठ होतं.

गुरुवारची आरोग्य पुरवणी मी करायचो. लेख शहापुरे सरांचा होता. ते फार्मसी कॉलेजमधून निवृत्त झालेले प्राध्यापक, नेटकं लिहायचे आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी 'कोणी घेऊ नये' असा परिच्छेद द्यायचे. पान मंगळवारी दुपारी लागायचं. त्या मंगळवारी चार वाजता जाहिरात विभागातून निरोप आला: मिक्सरची एक जाहिरात वाढली, दोन कॉलम, आठ सेंटिमीटर. मी लेख खालून कापला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला तेच शिकवलेलं असतं. महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की खालून कापायचं. बातमीला ते लागू पडतं. लेखाचं तसं नसतं, हे मला माहीत होतं. पण चार वाजले होते आणि पान साडेचारला सोडायचं होतं. शेवटचा परिच्छेद बरोबर आठ सेंटिमीटरमध्ये बसत होता. मी तो वाचला आणि उडवला.

कॉम्प्युटरवर सरांचा मूळ मजकूर तसाच होता. शेवटचा परिच्छेद असा होता:

'कोणी घेऊ नये: अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनी एल्डरबेरी कोणत्याही स्वरूपात घेऊ नये. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य. कच्ची फळे, पाने व देठ विषारी असतात.'

लेख छापून आला त्या सकाळी सरांचा फोन आला होता.

"चौगुले, माझा शेवटचा परिच्छेद कुठाय?"

"जागा नव्हती, सर. पुढच्या गुरुवारी चौकट टाकतो."

"अहो, बाकीचा लेख नसता छापला तरी चाललं असतं. तो हवा होता."

"टाकतो म्हटलं ना, सर."

डायरीत मी तशी नोंदही केली होती. पुढचा गुरुवार सव्वीस जानेवारी होता. त्या दिवशी पुरवणी नव्हती, प्रजासत्ताक दिनाचा विशेष अंक होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी दहावीच्या मुलांचा आहार होता. चौकट राहिली.

माझ्या भाच्याला सोळा महिन्यांपूर्वी किडनी बसवली होती. मी ऑपरेशनच्या दिवशी दहा तास बाहेर बसलो होतो. तो परिच्छेद मी वाचून उडवला होता, आणि तेव्हा मला भरतेश आठवला नव्हता.

शनिवारी मी हॉस्पिटलात परत गेलो. अक्कानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

इंजेक्शनांनी आवरलं नाही. दुसरी औषधं दिली, रक्त बदलून पाहिलं. एकोणतीस मार्चला पहिलं डायलिसिस झालं. मे महिन्यात डॉक्टर केळुसकरांनी सांगितलं की किडनी आता परत काम करणार नाही. भरतेश म्हणाला, "बाईसाहेब गेल्या." अक्का तेव्हा त्याच्या पायथ्याशी बसली होती. तिनं स्वतःच्या कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

साडेतीन वर्षं तो डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दुसऱ्या किडनीसाठी यादीत नाव होतं. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी, डायलिसिसहून परत येताना, रिक्षातच गेला. अक्का शेजारी होती. तिला वाटलं, झोप लागलीय. घर येईपर्यंत तिनं त्याला उठवलं नाही.

त्या दिवसाची नोंद वहीत आहे. वजन, ब्लडप्रेशर, आणि गोळ्यांपुढं 'दिल्या'.

मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. शहापुरे सर वारले. तो परिच्छेद होता आणि मी तो कापला, हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच.

गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला. तिला डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. तारीख सांगून झाली, कोण सोबत येणार ते ठरलं. मग ती म्हणाली, "अजित, तुमच्या कचेरीत जुने अंक बांधून ठेवतात ना?"

"ठेवतात."

"तो बेरीचा अंक मिळतो का बघ. जानेवारीतला. डोळा बरा झाला की मला एकदा वाचायचंय."

"कशाला आता, अक्का?"

"कुठं लिहिलं होतं ते बघायचंय. किती बारीक अक्षरात होतं, मला कसं दिसलं नाही. आठ वर्षं झाली, रोज डोळ्यापुढं तो कागद येतो. सगळा दिसतो. तेवढीच ओळ दिसत नाही."

ऑपरेशन बुधवारी झालं. काल, रविवारी, सकाळी साडेदहाला मी तिच्याकडं गेलो. ती काळा चष्मा लावून खिडकीकडं पाठ करून बसली होती. डाव्या डोळ्यात थेंब घालायचे होते, ते मी घातले. उजव्यात मोतीबिंदू आहेच.

"आणलास?"

"आणलंय."

"मला आठवडाभर वाचायचं नाही म्हणालेत. तेवढा धीर नाही धरवत. तू वाच."

खिशातून कात्रण काढलं. घड्यांवर ते विरलं होतं. मी मथळ्यापासून सुरुवात केली. बेरी कुठं उगवते, तिच्यात काय असतं, सर्दी-तापात ती का घेतात. अक्का हात मांडीवर ठेवून ऐकत होती, शाळेत पोरांचं वाचन ऐकायची तशी. एका ठिकाणी मी शब्द खाल्ला, तर म्हणाली, "सावकाश."

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी शेवटच्या वाक्यावर आलो. 'प्रौढांना रोज दोन चमचे पुरेसे आहेत.' त्याच्या खाली मिक्सरचं अर्धं भांडं होतं.

मी थांबलो.

"पुढं वाच," अक्का म्हणाली.